मंडळाचा कार्यक्रम घरोघरी: पहिल्यांदाच थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी

थेट प्रक्षेपण करायचं ठरलं की मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न हमखास कॅमेऱ्याचा निघतो. चांगला कॅमेरा कुणाकडे आहे, कुणाचा भाचा शूटिंग करतो, भाड्याने किती पडेल. हा विषय पहिल्या बैठकीत बाजूला ठेवा. एक कोरा कागद घ्या आणि कार्यक्रमाला यायची मनापासून इच्छा असून ज्यांना येता येत नाही, त्यांची नावं लिहा. 'ज्येष्ठ नागरिक', 'बाहेरगावचे सभासद' असं मोघम लिहू नका, नावानिशी लिहा.

इंदूरमध्ये हा कागद भरायला वेळ लागत नाही. सुदामानगरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आणि गुडघ्यांमुळे जिना टाळणाऱ्या काकू. राजेंद्रनगरहून रवींद्र नाट्यगृहापर्यंत संध्याकाळच्या गर्दीत स्कूटर काढायला आता नको वाटतं, असे आजोबा. घरात आजारी माणूस आहे म्हणून हलता न येणारी सून. देवास, धार, महू, उज्जैनची मराठी घरं, ज्यांना कार्यक्रम लांबला की परतीची पंचाईत. नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला गेलेली मुलं, आणि समुद्रापलीकडे गेलेलीही. शिवाय ऐकायला कमी येतं म्हणून हॉलमध्ये येणं सोडलेले काही जण; घरी हेडफोन लावून त्यांना हॉलपेक्षा स्वच्छ ऐकू येऊ शकतं. मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ असं तीनदा या शहरात भरलं. ऐकणाऱ्यांची इथे वाण नाही, अडचण त्यांच्या पोचण्याची आहे.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी टिपा: घरी स्मार्ट टीव्ही आहे की फक्त फोन, नेट वायफायचं की मोबाइलच्या पॅकमधलं, आणि लावून द्यायला घरात कुणी आहे का. पुढचे बहुतेक निर्णय या कागदावरून होतात. यादीतले निम्मे लोक मोबाइलच्या पॅकवर पाहणार असतील, तर फार उंची दर्जाचं चित्र पाठवण्याचा आटापिटा कुणासाठी करायचा?

कोणता कार्यक्रम लाईव्ह करावा

सुरुवात व्याख्यानाने करा. एक वक्ता, एक माईक, दीड-दोन तास. नवख्या चमूला एवढं झेपतं, आणि घरी बसून ऐकणाऱ्यालाही व्याख्यानाचा पुरेपूर लाभ होतो. कथाकथन, कविसंमेलन, पुस्तक प्रकाशन, सत्कार समारंभ त्यानंतर घ्या. गाण्याच्या मैफिलीला आवाजाची तयारी जास्त लागते, म्हणून ती दोन-तीन कार्यक्रम हाताखालून गेल्यावर. दौऱ्यावर आलेल्या नाट्यसंस्थेचं नाटक लाईव्ह करायचा विचारही करू नका. नाटककार आणि निर्माता यांचे हक्क त्यात गुंतलेले असतात आणि त्यांचं पोट त्या प्रयोगांवर असतं.

वार्षिक सर्वसाधारण सभेची गोष्ट वेगळी आहे. तिथे हिशेब मांडले जातात, सभासद प्रश्न विचारतात, क्वचित शब्दाला शब्द वाढतो. हे जगाला दाखवायचं कारण नाही. सभा झूमवर घ्या आणि प्रवेश फक्त सभासदांना द्या. झूमच्या मोफत खात्यात ४० मिनिटांची आणि १०० जणांची मर्यादा असते, तेव्हा महिन्याभराचं वर्गणीचं खातं घ्यावं लागेल. घरून जोडलेल्या सभासदाला गणसंख्येत धरायचं का, त्याचं मत मोजायचं का, हे संस्थेच्या नियमावलीत काय लिहिलंय त्यावर ठरतं. नियमावली सभेच्या आधी उघडा. सभेत उघडली की वाद ठरलेला.

'लाईव्ह केलं तर हॉलमध्ये कोण येणार?' हा प्रश्न कार्यकारिणीत कुणीतरी विचारणारच, आणि तो रास्त आहे. माझं मत स्पष्ट आहे. ज्याला येणं शक्य आहे तो भेटीगाठींसाठी येतो, मध्यंतरातल्या चहासाठी येतो, वक्त्याला समोरासमोर दोन शब्द बोलता येतील म्हणून येतो. यातलं काहीच पडद्यावर मिळत नाही. तिकिटाच्या कार्यक्रमाबाबत मात्र भीती खरी आहे. तिथे लिंक सगळीकडे न फिरवता यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवून, म्हणजे लिंक असणाऱ्यालाच दिसेल अशी ठेवून, फक्त नोंदणी केलेल्यांना पाठवा. लिंक पुढे सरकू शकते हे धरून चाला, तरी खुल्या प्रक्षेपणापेक्षा हे बरं.

परवानग्या

वक्त्याला निमंत्रण देतानाच विचारा: कार्यक्रम थेट दाखवणार आहोत आणि नंतर चॅनेलवर ठेवणार आहोत, चालेल का? या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. काही वक्ते लाईव्हला हो म्हणतात, पण तेच व्याख्यान पुढे दुसऱ्या गावी द्यायचं असतं म्हणून रेकॉर्डिंग राहू नये असं त्यांना वाटतं. उत्तर व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. गायक-वादकांच्या बाबतीत तर हे टाळताच येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर स्वतःचा हक्क असतो. मुख्य गायकाने हो म्हटलं म्हणून तबलजी आणि पेटीवाल्यांना गृहीत धरू नका, त्यांनाही विचारा.

भावगीतं, चित्रपटगीतं यांचा कार्यक्रम असेल तर कवी आणि संगीतकाराचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतात. यूट्यूबची यंत्रणा सूर ओळखून हक्कधारकाच्या नावाने दावा लावते. कधी नुसती जाहिरात लागते, कधी प्रक्षेपण थांबवलं जातं. यातली सर्वांत फसवी जागा मध्यंतराची. व्याख्यान संपलं, चहा सुटला आणि साउंडवाल्याने सवयीने लताबाईंचं गाणं लावलं. इंदूर ही त्यांची जन्मभूमी, तेव्हा ते स्वाभाविकच. पण मूळ ध्वनिमुद्रिका यंत्रणेला तत्काळ ओळखू येते. म्हणून मध्यंतरात प्रक्षेपणाचा आवाज बंद ठेवा आणि पडद्यावर 'कार्यक्रम सव्वाआठला पुन्हा सुरू होईल' अशी पाटी लावा.

लहान मुलांचा कार्यक्रम असला तर पालकांची संमती आधी घ्या आणि मुलांची पूर्ण नावं, शाळा पडद्यावर लिहू नका. हॉलच्या दारावर 'आजचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आहे' असा कागद चिकटवा. प्रेक्षकांत कुणाला दिसायचं नसेल, त्यांच्यासाठी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरच्या खुर्च्या राखून ठेवा.

चॅनेल आधी उघडा

यूट्यूबचं चॅनेल संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेलवर काढा. एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी खात्यावर काढलेलं चॅनेल तो कार्यकर्ता नोकरीसाठी हैदराबादला गेला की त्याच्याबरोबर जातं आणि दहा वर्षांचा ठेवाही सोबत नेतं. चॅनेलच्या सेटिंगमधून आणखी दोघा-तिघांना अधिकार देता येतात, ते द्या. पासवर्ड सचिवांच्या दप्तरात लिहिलेला असावा.

फोन नंबरची पडताळणी करून लाईव्हची सोय पहिल्यांदा सुरू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चॅनेल काढणाऱ्याची इथेच अडचण होते. मोबाइलच्या ॲपवरून थेट लाईव्ह जायचं असेल तर चॅनेलचे किमान ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉपवरून जाताना ही अट नाही. जुलै २०२५ पासून लाईव्ह करणाऱ्याचं वय किमान १६ असावं लागतं, तेव्हा 'आमच्या नातवाच्या खात्यावरून करू' ही सोय धरू नका.

फेसबुकवरही दाखवायचं असेल तर दाखवा, पण संग्रह तिथे ठेवू नका. २०२५ पासून फेसबुकवरचे लाईव्ह व्हिडिओ ३० दिवसांनी काढून टाकले जातात.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी यूट्यूबवर तारीख-वेळ घालून प्रक्षेपण 'शेड्यूल' करा. लिंक तेव्हाच तयार होते आणि शेवटपर्यंत तीच राहते. निमंत्रणपत्रिकेत, ग्रुपवर, सगळीकडे तीच एक लिंक जाऊ द्या. सेटिंगमध्ये 'ऑटो-स्टॉप' नावाचा पर्याय असतो, तो बंद करा. तो चालू राहिला आणि हॉलचं नेट मिनिटभर गेलं, तर यूट्यूब कार्यक्रम संपला असं समजून प्रक्षेपण बंद करतं. मग नवी लिंक काढावी लागते आणि जुन्या लिंकवर बसलेले आजोबा तिथेच वाट पाहत राहतात. तो बंद असेल तर नेट परत आल्यावर त्याच लिंकवर पुढे सुरू करता येतं.

इंटरनेट

स्पीड टेस्ट केल्यावर दोन आकडे दिसतात. आपल्याला अपलोडचा, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणारा, हवा. ७२०पी, म्हणजे मध्यम दर्जाच्या चित्रासाठी सेकंदाला साधारण ३ ते ४ मेगाबिट लागतात आणि हाताशी त्याच्या दुप्पट असावेत. अपलोड ८ च्या वर स्थिर असेल तर निश्चिंत व्हा. ४ च्या आसपास घुटमळत असेल तर दर्जा आणखी उतरवा. दोन तासांच्या कार्यक्रमाला ४ मेगाबिटने सुमारे ३.६ जीबी डेटा जातो, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर दिवसाचा पॅक आधी तपासा.

चाचणी रिकाम्या हॉलमध्ये सकाळी अकराला करून उपयोग नाही. भरल्या हॉलमध्ये प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, आणि सकाळी धावणारं नेट संध्याकाळी रांगायला लागतं. त्याच हॉलमध्ये आधी दुसऱ्या कुणाचा कार्यक्रम असेल तेव्हा जाऊन पाहून या. शक्य असेल तर हॉलच्या ऑफिसातल्या राउटरपासून लॅनची तार ओढा. ही तार १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते, म्हणजे ऑफिस मागच्या बाजूला असलं तरी पोचते. तारेवर पाय अडकू नये म्हणून रुंद चिकटपट्टी लावा, कडेकडेने न्या. जोडीला वेगळ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन खिडकीजवळ तयार ठेवा.

गणेशोत्सव आणि त्याच्या आगेमागे पावसाळा असतो, वीज जाते. हॉलचं जनरेटर सुरू होईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात राउटर बंद पडतो आणि पुन्हा उभा राहायला काही मिनिटं घेतो. राउटरला छोटा यूपीएस लावला की हा प्रश्न मिटतो.

आवाज

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. चित्र धूसर असलं तरी माणूस व्याख्यान ऐकत राहतो. आवाज घुमायला लागला, तुटायला लागला, की पाचव्या मिनिटाला उठून जातो. वयस्कर कानांना घुमणारा आवाज तर मुळीच उलगडत नाही.

फोनचा स्वतःचा माईक मागच्या रांगेतून जे पकडतो त्यात स्पीकरचा आवाज, भिंतींवरून आलेला प्रतिध्वनी, पंखे, खोकला आणि शेजारच्या दोघांच्या गप्पा असं सगळं असतं. म्हणून आवाज हवेतून घ्यायचा नाही, तारेतून घ्यायचा, थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमधून. साउंडवाल्याला आदल्या दिवशीच फोन करा. आपल्याकडे हे बोलणं हिंदीतच होतं, तर नेमकं असं सांगा: 'भिया, लाईव्ह के लिए मिक्सर से एक अलग ऑक्स आउट चाहिए। उसमें सिर्फ माईक का आवाज हो, ईको मत डालना।' ऑक्स आउट म्हणजे मिक्सरमधून आवाज बाहेर काढायची जास्तीची वाट. 'अलग' या शब्दावर जोर द्या. मुख्य आउटपुटमधून घेतलेला आवाज हॉलच्या गरजेप्रमाणे वरखाली होत राहतो. हॉल भरला, त्याने आवाज वाढवला, की घरच्यांच्या कानात फाटतो.

मिक्सरमधून निघालेली तार लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात तशीच खुपसू नका. मिक्सरचा आवाज 'लाईन' पातळीचा असतो, लॅपटॉप-फोनची ती जागा नाजूक माईकसाठी केलेली असते. आवाज फाटतो किंवा नुसती घरघर येते. मध्ये यूएसबी ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी डबी लागते. गावात गाणं-बजावणं करणाऱ्या तरुणांपैकी कुणाकडे तरी ती असतेच, एका संध्याकाळपुरती मागून आणा. लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर आवाजात सतत 'हूं' असा सूर येत असेल तर तो अर्थिंगचा घोळ आहे. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घेतले की बहुतेक वेळा जातो, नाहीतर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून मिळतो तो तारेत बसवा.

लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ हे चित्र आणि आवाज एकत्र करून यूट्यूबला पाठवणारं मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात आवाजाची पट्टी हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत हलताना दिसते. वक्ता नेहमीच्या आवाजात बोलत असताना ती पिवळ्यात राहावी. टाळ्या पडल्या, वक्ता तावातावाने बोलला तर लालमध्ये क्षणभर जाईल तेवढं ठीक, पण अगदी टोकाला जाऊन आदळायला नको. आणि कुणीतरी एकाने पूर्ण वेळ हेडफोन लावून प्रत्यक्ष यूट्यूबवरचा आवाज दुसऱ्या फोनवर ऐकत राहावं. पट्टी हलते आहे म्हणजे आवाज पोचतो आहे, असं समजू नका.

नुसता मिक्सरचा आवाज घेतला तर एक उणीव राहते. घरच्याला हॉलमधलं हसू, 'वा' आणि टाळ्या ऐकू येत नाहीत आणि त्याला एकटं एकटं वाटतं. म्हणून एक साधा माईक प्रेक्षकांच्या दिशेने, अगदी हळू आवाजावर जोडा.

मैफिलीसाठी एक जास्तीची सूचना. ओबीएसमध्ये आणि झूममध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट कापण्याची सोय असते. व्याख्यानाला ती उपयोगी, पण तानपुऱ्याचा अखंड नाद तिला पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो आणि ती तो पुसून टाकते, तबल्याची आस मध्येच तोडते. गाण्याच्या वेळी ती पूर्ण बंद करा. झूमवर असाल तर 'ओरिजिनल साउंड' चालू करा.

प्रश्नोत्तरांत श्रोता जागेवरून प्रश्न विचारतो, माईक त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि घरच्यांना नुसतं उत्तर ऐकू येतं. सूत्रसंचालकाला आधी सांगून ठेवा: प्रत्येक प्रश्न स्वतःच्या माईकवरून पुन्हा म्हणायचा, मगच वक्त्याने उत्तर द्यायचं.

चित्र

गेल्या चार-पाच वर्षांतला चांगला फोन आणि मजबूत ट्रायपॉड पुरतो. फोन आडवा धरा. मागच्या भिंतीशी उभं राहून झूम करू नका, चित्र फुटतं. तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या बाजूला, कडेच्या वाटेवर, वक्त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन लावा. मागच्यांना आडवा येणार नाही एवढं पाहा.

मंचामागे काळा पडदा, वर दिवा आणि समोर पांढऱ्या कुर्त्यातले वक्ते असे आपल्याकडचे कार्यक्रम असतात. फोन काळा पडदा पाहून चित्र उजळवतो आणि वक्त्याच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा गोळा उरतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, प्रकाश 'लॉक' होतो. मग सूर्याचं चिन्ह खाली ओढून चेहऱ्याच्या सुरकुत्या दिसेपर्यंत प्रकाश कमी करा. एलईडी दिव्यांमुळे पडद्यावर पट्टे धावताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने याच गतीला पट्टे थांबतात.

फोनवरूनच लाईव्ह करत असाल तर त्याला एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करा. भर व्याख्यानात आलेला एक कॉल प्रक्षेपण तोडू शकतो.

वक्ते स्लाइड दाखवणार असतील तर त्या आधी मागवून ओबीएसमध्ये घाला. पडद्यावर उमटलेली स्लाइड कॅमेऱ्याने टिपली तर वाचता येत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी स्लाइडवर काय आहे ते वक्त्याने बोलून दाखवावं अशी विनंती करा. बहुतेक वक्ते आनंदाने मानतात, कोणी सांगितलेलं नसतं एवढंच.

घरच्या श्रोत्यांचा एक माणूस

माझ्या मते थेट प्रक्षेपण यशस्वी होण्याचं सगळ्यात मोठं कारण यंत्रांमध्ये नसून या माणसात आहे. कॅमेरा, लॅपटॉप, तार यांच्याशी त्याचा संबंध नको. हॉलच्या दारात स्वागताला माणूस उभा करता ना, तसाच हा घरी बसलेल्यांच्या स्वागताला. मराठी टायपिंग झरझर येणारी, चार लोकांना नावाने ओळखणारी एखादी ताई असली तर उत्तमच.

तिचं काम आठवडाभर आधी सुरू होतं. पहिल्या बैठकीतला तो नावांचा कागद तिच्याकडे द्या. ज्यांच्याकडे स्मार्ट टीव्ही आहे त्यांच्या घरच्या कुणाला तरी फोन करून टीव्हीवर आपलं चॅनेल आधीच सबस्क्राइब करून ठेवायला सांगावं. मग कार्यक्रमाच्या दिवशी शोधाशोध करावी लागत नाही. फोनवर पाहणाऱ्यांना ग्रुपवर न पाठवता एकेकट्याला निरोप पाठवावा, कारण ग्रुपवरची लिंक 'सुप्रभात'च्या फुलांखाली गाडली जाते. निरोप असा असू द्या:

'नमस्कार काकू. रविवारी संध्याकाळी साडेसहाला आपलं व्याख्यान घरबसल्या पाहता येईल. खालच्या निळ्या ओळीवर बोट लावा, व्याख्यान उघडेल. साडेसहाच्या आधी लावलंत तर पाटी दिसेल, काळजी करू नका, फोन तसाच ठेवा. आवाज आला नाही तर फोनच्या कडेचं वरचं बटण दाबा. तरीही काही अडलं तर मला याच नंबरवर फोन करा, मी त्यासाठीच बसले आहे.'

शेवटचं वाक्य गाळू नका.

वेळ ठरवताना परदेशातल्यांचाही विचार होऊ शकतो. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे नऊ, हिवाळ्यात आठ. रविवारी चहाचा कप घेऊन बसायला ही वेळ चांगली. आपल्याकडचे रात्रीचे नऊ म्हणजे लंडनची दुपार. त्यासाठी हॉलमध्ये येणाऱ्यांची गैरसोय करू नये, पण सहा आणि साडेसहा यांत निवडायचं असेल तर हे लक्षात घ्यावं.

प्रक्षेपण कार्यक्रमाच्या पंधरा मिनिटं आधी सुरू करा आणि पाटी दाखवत ठेवा. त्या वेळात ताईने चॅटमध्ये नमस्कार करावा, कोण कुठून पाहतंय ते विचारावं. 'धारहून नमस्कार', 'महूहून आम्ही दोघं' अशी उत्तरं येतात. त्यातली थोडी नावं-गावं चिठ्ठीवर लिहून सूत्रसंचालकाला द्यावीत आणि त्याने ती मंचावरून वाचावीत. हॉलमधले लोक वळून पाहतात, घरचे सुखावतात. जुन्या शेजाऱ्याचं नाव ऐकून कुणीतरी दुसऱ्या दिवशी फोन करतो.

चॅटमध्ये 'अहो, आवाज येत नाहीये' असं एकाने लिहिलं तर त्याच्या फोनचा प्रश्न असू शकतो. दोघा-तिघांनी लिहिलं तर धावत लॅपटॉपवाल्याकडे जायचं. ताई आणि लॅपटॉपवाला यांच्यात खुणा आधी ठरलेल्या हव्यात. घरच्यांचे प्रश्नही ताईनेच वेचून पाठवावेत. प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, म्हणून प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधीच 'प्रश्न लिहून ठेवा' असं चॅटमध्ये सांगावं. आणि पहिला किंवा दुसरा प्रश्न घरच्यांचा घ्यावा. शेवटी 'वेळ उरला तर' म्हटलं की त्यांची पाळी येत नाही.

एक अडचण आधीच माहीत असू द्या. प्रक्षेपण 'मुलांसाठी बनवलेलं' म्हणून नोंदवलं तर यूट्यूब चॅट बंद करतं. बालनाट्याच्या वेळी ताईचा व्हॉट्सॲप नंबर पाटीवर लिहा.

रंगीत तालीम आणि प्रत्यक्ष दिवस

दोन दिवस आधी 'प्रायव्हेट' ठेवून अर्ध्या तासाचं प्रक्षेपण करून पाहा, शक्यतो त्याच हॉलमध्ये, त्याच तारांनी. पाहायला यादीतल्या एका काकूंना बसवा आणि त्यांच्या ईमेलवर परवानगी पाठवा. तंत्र जाणणाऱ्या मुलाने 'ठीक आहे' म्हटलेलं पुरत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन तास आधी पोचा. सतरंज्या, हार, दिवे, समई यांची धांदल सुरू व्हायच्या आत तारा टाकून झालेल्या हव्यात. सुरुवातीला आवाज तपासा, मग नेट, मग चित्र, याच क्रमाने. लॅपटॉपचे अपडेट बंद करा, स्क्रीन झोपी जाण्याची सेटिंग काढा. ओबीएसमध्ये प्रक्षेपणासोबत 'रेकॉर्डिंग'ही चालू करा. नेट गेलं तरी लॅपटॉपवर पूर्ण प्रत राहते.

मध्येच काही बंद पडलं तर पाटी लावा, चॅटमध्ये आणि ग्रुपवर लगेच लिहा: 'नेट गेलं आहे, याच लिंकवर थांबा.' लोक थांबतात. काय झालंय ते कळलं नाही तर मात्र निघून जातात.

कार्यक्रमानंतर

बारा तासांपेक्षा कमी लांबीचं प्रक्षेपण यूट्यूबवर आपोआप साठवलं जातं. दुसऱ्या दिवशी सुरुवातीची पाटी आणि मध्यंतर कापून टाका. वर्णनात वेळेचे टप्पे लिहा: ०:०० पासून सुरुवात करून प्रास्ताविक, वक्त्यांचा परिचय, मुख्य व्याख्यान, प्रश्नोत्तरं. किमान तीन टप्पे असले की व्हिडिओखाली प्रकरणं तयार होतात आणि ज्याला थेट व्याख्यान ऐकायचंय त्याला सत्काराचे हार पाहत बसावं लागत नाही. वक्त्याने रेकॉर्डिंग ठेवायला नको म्हटलं असेल तर ठरल्या दिवशी न विसरता चॅनेलवरून काढून टाका. मूळ प्रत हार्ड डिस्कवर घ्या, वर तारीख आणि वक्त्याचं नाव लिहा.

किती जणांनी पाहिलं हा आकडा कार्यकारिणीला आवडतो. मला 'सरासरी किती वेळ पाहिलं' हा जास्त उपयोगी वाटतो. यूट्यूबच्या आलेखात लोक कोणत्या मिनिटाला गळाले ते दिसतं आणि तिथे बहुधा लांबलेलं स्वागत किंवा बिघडलेला आवाज सापडतो.

सोमवारी ताईने यादीतल्या चार-पाच घरी फोन करावा. दोनच प्रश्न: शेवटपर्यंत नीट ऐकू आलं का, आणि लावताना कुठे अडलं? उत्तरं एका वहीत लिहा. त्याच वहीत हॉलनुसार एकेक पान ठेवा: तिथल्या ऑफिसात नेटचं पोर्ट कुठे आहे, कोणत्या कंपनीचं सिम चालतं, साउंडवाल्याकडे ऑक्स आउट आहे का, कोणत्या बोर्डावर घरघर येते, ट्रायपॉड कुठे ठेवला होता. वही सचिवांच्या दप्तरात, चॅनेलच्या पासवर्डशेजारी ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी नवी मुलं येतील तेव्हा त्यांना तीच आधी वाचायला देता येईल.